गाण्याखालचा आवाज

मी व्हीसीआर बोलतोय. पण जरा दम धरा. आमच्या काळात हवं तिथून एकदम काही सुरू होत नसे, आधी फीत उलटी गुंडाळून सुरुवातीला न्यावी लागे. तशी ती नेतो.

सदर बाजारातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात मी बसलो होतो. शालिकरामभाऊ येता-जाता मला बघून जायचे. शेवटी एकदा त्यांनी मला घेतलंच आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं. दारातच त्यांच्या बायकोने, गोपिकाबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं थेट माझ्या तोंडात गेलं, म्हणून पहिली कॅसेट मी खरखरतच वाजवली.

भाऊ लग्नांचं शूटिंग करायचे. मौद्याकडच्या खेड्यांतूनही त्यांना बोलावणं असे. कॅमेऱ्यातली फीत घरी आली की तिची कापाकापी माझ्यावर होई आणि मग तिच्यावर गाणी चढत. गाण्यांशिवाय लग्नाची कॅसेट कोणी घेतच नसे. हळदीला एक, वरातीला एक आणि बिदाईला हमखास रडवणारं. पडद्यावर नवरीचे मामा ओठ हलवायचे आणि तोंडून सिनेमातली गायिका गायची. लोकांना यात काही वावगं वाटत नसे, उलट मान डोलवत बघायचे.

इथे माझी एक खुबी सांगतो. मी आवाज फितीवर दोन ठिकाणी ठेवतो, एक काठावर आणि एक चित्राच्या खाली. गाणी चढतात ती काठावर. चित्राखालचा खरा आवाज तसाच राहतो, तो पुसायचा तर चित्रही पुसावं लागतं. कोणता ऐकायचा हे ठरवायला माझ्या झडपेआड एक लहानसा खटका आहे. भाऊ तो गाण्यांकडेच ठेवायचे.

आणि गोपिकाबाई तो गुपचूप दुसरीकडे सरकवायच्या. भाऊ बाहेर गेले की तांदूळ निवडत माझ्यासमोर बसायच्या आणि परक्या लग्नांतल्या बायकांच्या गप्पा मन लावून ऐकायच्या. कुणाची सून किती तोऱ्यात आहे, आहेराची साडी कशी विरलेली निघाली, सगळं त्यांना ठाऊक असे. ज्या घरांत त्या कधी गेल्या नाहीत, तिथली भांडणं त्यांना तोंडपाठ होती. मलाही त्या गप्पा गाण्यांपेक्षा आवडत.

मग घरातलंच लग्न निघालं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, चारुशीलाचं. लोक म्हणाले, आज तरी कॅमेरा दुसऱ्याकडे द्या. भाऊंनी ऐकलं नाही. माझ्या पोरीचं लग्न दुसरा कोणी काय काढणार, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये घोड्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळे आहेत, फक्त वधूपिता नाही. बिदाईच्या वेळी चारुशीला सगळ्यांच्या गळ्यात पडली. बाबा तेवढे मशीन खांद्यावर घेऊन दूर उभे राहिले. ते तिला फार लागलं. पुढे भाऊ अचानक गेले, तेव्हा कोणाच्या खिशात आवाज साठवणारे फोन नव्हते. राग तसाच राहिला आणि तो काढायला माणूसही उरला नाही.

भाऊंच्या मागे त्या कॅसेट लावायचा गोपिकाबाईंना धीर झाला नाही. त्यांनी मला चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. चारुशीलाने आपल्या लग्नाची कॅसेट दुकानातून सीडीवर करून घेतली. तिच्यात आलं ते फक्त काठावरचं, म्हणजे गाणी. मला सीडीने घरी बसवलं, सीडीला पेन ड्राइव्हने आणि आता सगळं फोनमध्ये मावतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. काम चालू राहिल्याशी मतलब.

यंदा चारुशीलाच्या मुलाचं, पियुषचं, लग्न ठरलं. संगीताच्या कार्यक्रमात आईबाबांच्या लग्नाची चित्रं दाखवायची त्याला हौस. सीडी लावली तर ती जागोजागी अडकायला लागली. म्हणून मला खाली उतरवलं. नवा रबरी पट्टा बसवून आणला आणि गोपिकाबाईंच्या बैठकीत मला मोठ्या टीव्हीला जोडलं. खरं सांगतो, इतक्या वर्षांनी तोंडात कॅसेट आली तेव्हा मला भरून आलं.

बिदाई सुरू झाली. गाणंही सुरू झालं. चारुशीला पुटपुटली, "इथंच बाबा जवळ नाही आले."

पलंगावरून गोपिकाबाई नातवाला म्हणाल्या, "पियुष, ते गाणं काहून ऐकून राहिला गा? झडपेतला खटका सरकव. गाण्याखाली खरं बोलणं राह्यते."

चारुशीला वळून आईकडे बघतच राहिली. बाईंना वाटलं होतं, ही गोष्ट लेकीला माहीत असणारच.

पियुषने खटका सरकवला. गायिका गप्प झाली. बायकांचं रडणं, बँड, कुणीतरी पाण्याचा तांब्या मागतंय. आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, या सगळ्यांपेक्षा मोठा, भाऊंचा आवाज आला. चित्र थरथरत होतं, तसाच तोही.

"चारू, इकडं नको पाहू वं बाई. तू पाह्यलं का, मले कॅमेऱ्यातनं काहीच दिसत नाही."

गोपिकाबाईंनी पदर तोंडाला लावला, कारण हे त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं; खटका त्या परक्या लग्नांसाठीच सरकवायच्या, घरच्या लग्नात तर त्या स्वतःच होत्या. चारुशीलाने ती जागा मागे नेऊन पुन्हा ऐकली, परत ऐकली, आणि दर वेळी मी फीत जपून फिरवली. शेवटी पियुषने तो आवाज फोनमध्ये घेतला. आता फीत वाचणारं माझं डोकं झिजलं तरी भाऊ बोलत राहतील.

मी सध्या टीव्हीखाली आहे, सुखात आहे. तुमच्या घरी कपाटावर माझा कोणी भाऊबंद पडला असेल, तर तो बंद पडायच्या आत त्याला एकदा खाली उतरवा, एवढंच मागणं.

त्या दिवशी सगळे जेवायला उठले, तरी चारुशीला माझ्यासमोर बसून होती. पडद्यावर नवरी खाली मान घालून उभी होती. तिच्याकडे बघत चारुशीला हळूच म्हणाली, "आता पाहू का, बाबा?"