कोरडा तंबाखू

"काका दिवसाला किती ओढतात?" काउंटरपलीकडच्या सुशांतने विचारलं.

नीला टिपणीस पर्स पोटाशी धरून उभी होती. गाडी तिने मुद्दाम पलीकडे, इंडियन ग्रोसरीच्या दारात लावली होती. कुणी ओळखीचं भेटलंच, तर कोथिंबीर घ्यायला आले म्हणता आलं असतं. सदुसष्ट वर्षांची बाई, लग्नानंतरची उभी हयात न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत गेलेली, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मोदकांचं बघणारी, आणि ती वेपच्या, म्हणजे विजेवरच्या सिगारेटींच्या दुकानात! त्यातून दुकानदारही मराठीच निघाला. ती दारात फोनवर मुलाशी बोलत होती, ते ऐकून आतूनच त्याने "या काकू" म्हणून हाक मारली होती. चाळिशी ओलांडलेला, नागपूरचा, मेहुण्याबरोबर हे दुकान चालवणारा.

"वीस," नीला म्हणाली.

आकडा तिने रागाच्या भरात सांगितला. खरा तिला ठाऊकच नव्हता. लग्न झाल्यापासून ती त्या सिगारेटीशी भांडत आली होती. शपथा घालून झाल्या, अबोले धरून झाले, अनयच्या जन्माच्या वेळी तर ती माहेरी जायला निघाली होती. पण रोज किती ओढता, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"मग स्ट्राँग लागेल," सुशांत म्हणाला. त्याने काचेच्या कपाटातून एक चपटं, पेनड्राइव्हसारखं यंत्र काढलं. "हे बघा, हा पॉड. यात लिक्विड भरायचं. संपलं की पुन्हा भरायचं. पण याला पातळ लिक्विडच लागते, घट्ट नाही चालत. आणि फ्लेवर म्हणाल तर जर्सीत फक्त तंबाखू. आंबा, पुदिना सगळं कायद्यानं बंद आहे."

"तंबाखूच हवाय त्यांना."

"काका स्वतः का नाही आले? चाखून घेता आलं असतं."

"त्यांना..." नीला थांबली. "त्यांना आता लक्षात राहत नाही."

सुशांतने यंत्र खोक्यात घातलं. बाटली पिशवीत घालताना तो एवढंच म्हणाला, "हात धुऊन घेत जा न काकू. हे विषारी असते. आणि वर ठेवा कुठेतरी."

गिरीश टिपणीस पुलांचा इंजिनिअर. नोकरीत असताना जर्सीतल्या कितीतरी पुलांखाली तो हेल्मेट घालून उभा राहिला होता. निवृत्त झाल्यावर त्याचं विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग रस्ते, मग गॅस. मागच्या आठवड्यात पेटती सिगारेट बोटांत धरून तो रिक्लायनरमध्येच झोपला. खुर्चीला वाटीएवढं भोक पडलं, अलार्म वाजला, फायरब्रिगेड आली, अख्खी गल्ली बाहेर येऊन उभी राहिली. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून अनयचा फोन आला. "आई, इनफ. एक तर हे बंद कर, नाहीतर बाबांना मेमरी केअर होममध्ये ठेवू. तू एकटी मॅनेज नाही करू शकत." डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, की या अवस्थेत एकदम तोडलं तर ते फार बिथरतील. ओढायचंच असेल, तर निदान विस्तव नको.

म्हणून नीला दुकानात गेली होती. आयुष्यभर जे सोडवायचा प्रयत्न केला, तेच आता पिशवीतून घरी घेऊन आली होती.

पहिला दिवस वाईट गेला. गिरीशने दोन-चार झुरके घेतले आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला. उचकी लागली. "नीला, घर फिरतंय गं," म्हणत त्याने तिचा हात घट्ट धरला, आणि मग सकाळचा सगळा चहा उलटून अंगावर आला. तिने त्याला पुसून निजवलं. दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात गेली. या वेळी गाडी समोरच लावली.

"काकू, खरं सांगा," सुशांत म्हणाला. "वीस ओढतात?"

"मला माहीत नाही," नीला म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, तरी मला माहीत नाही, सुशांत."

त्याने बाटली परत घेतली आणि निम्म्याहूनही कमी निकोटिनची दिली. ती बरी लागली, पण गोड होती. मध घातल्यासारखी. गिरीशने तोंड वाकडं केलं. "हे काय, पक्वान्न आहे का?" पुढची बाटली तिने सुशांत नसताना मेहुण्याकडून आणली. मोठी होती, स्वस्त होती, पण काकवीसारखी घट्ट. पॉडमधला कापूस ते शोषेचना. गिरीशला जोराचा ठसका लागला. "जळकं लागतंय," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रुसून भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या शर्टाच्या खिशालाही तेलकट डाग पडला होता.

"ते मोठ्या मशीनचं दिलं त्यानं तुम्हाला," सुशांत कपाळाला हात लावून म्हणाला. मग त्याने तीन लहान बाटल्या काउंटरवर ओळीने मांडल्या आणि तिन्हींची बुचं काढली. "वास घ्या. तिन्ही तंबाखूच, पण एक भाजल्या शेंगदाण्यावर जाते, एक चॉकलेटवर. आणि हा नुसता कोरडा तंबाखू. काकांचा वास तुम्हाला माहीत असेल न?"

नीलाने वाकून वास घेतला. पहिला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याशी ती थबकली. पावसाळी रेनकोटच्या आतल्या बाजूला, गाडीच्या सीटबेल्टला, अनयला झोपवताना अंधारात जवळ आलेल्या खांद्याला यायचा तो हाच. ज्याला तिने आयुष्यभर नाक मुरडलं होतं, तो हाच.

"हा," ती म्हणाली.

त्या दुपारी मागच्या अंगणातल्या खुर्चीत बसून गिरीशने एक झुरका घेतला, धूर सावकाश सोडला आणि डोळे मिटले. "हं. हा चालेल."

नीलाला उगीचच आपल्या हातच्या आमटीला दाद मिळाल्यासारखं वाटलं.

पॉड भरायचं काम तिचंच झालं. रबरी हातमोजे घालून, चष्मा लावून, ती थेंब थेंब लिक्विड सोडायची. भरल्यावर कापूस भिजेपर्यंत थांबावं लागे. तेवढा वेळ दोघं मागच्या अंगणात नुसतीच बसून राहत. इतक्या वर्षांत सिगारेटच्या वेळी ती त्याच्याजवळ कधी बसलीच नव्हती. तो गॅरेजमध्ये, ती स्वयंपाकघरात, असंच चालत आलेलं.

"तुम्ही सुरू कधी केलीत हो?" एके दिवशी तिने विचारलं.

कालचं जेवण न आठवणारा गिरीश चटकन म्हणाला, "न्यूअर्कला. पहिल्या थंडीत. तू यायची होतीस अजून."

"कुणी शिकवली?"

"शिकवतंय कोण? साइटवर सगळे गोरे वेल्डर. लंचला ते एकीकडे, मी एकीकडे. माझ्याशी कुणी अक्षर बोलायचं नाही. डब्याला नाक मुरडायचे. मग एकदा एकाने सिगारेट पुढे केली. फ्रँक त्याचं नाव. मी घेतली. खोकलो. सगळे हसले." गिरीशही हसला. "मग बोलायला लागले. महिनाभरात माझ्याशी बोललेला तो पहिला माणूस, नीला. ऑफिस सोडून."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू ओरडत होतीस ना."

त्याने ते काही मनात ठेवून म्हटलं नव्हतं. कापूस भिजला होता. तिने पॉड बसवला आणि यंत्र त्याच्या हातात दिलं.

उन्हाळा असाच गेला. त्यातले काही दिवस चांगलेही होते. नंतर मात्र गिरीश आत्ताच ओढलंय हे विसरू लागला. यंत्र खाली ठेवतो न ठेवतो, तोच, "नीला, माझी सिगारेट कुठेय?" नाही म्हटलं की चिडायचा. एकदा त्याने चहाचा कप भिरकावला. नीला दुकानात जाऊन काउंटरला टेकून उभी राहिली.

"निकोटिन कमी कमी करत जाऊ," सुशांत हळू आवाजात म्हणाला. "सहा मिलिग्रॅमचं नेऊन बघा. मग तीन. मग शून्यवालं. चव हीच राहील, काकांना कळणार नाही."

"फसवायचं त्यांना?"

सुशांतने काउंटरवरचं फडकं उचललं, पुन्हा ठेवलं. "मागतील तेव्हा देता तर येईल न काकू. नाही म्हणावं लागणार नाही."

तिने तसंच केलं. पानगळ संपता संपता गिरीश नुसती वाफ ओढत होता, तंबाखूच्या वासाची. त्याला पत्ता लागला नाही. प्रत्येक वेळी यंत्र हातात देताना नीला दुसरीकडे बघायची. अनयला तिने फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "दॅट्स ग्रेट, आई! म्हणजे बाबांची सुटलीच की." ती हो म्हणाली आणि भाजी लागतेय असं सांगून फोन ठेवला.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी बऱ्यापैकी ऊन पडलं, म्हणून तिने गिरीशला स्वेटर चढवून अंगणात आणलं. त्याला खुर्चीत बसवलं. सकाळपासून त्याने एकदाही काही मागितलं नव्हतं. आदल्या दिवशीही नाही, हे तिला पॉड उघडताना जाणवलं, कारण तो भरलेलाच होता. तरी तिने यंत्र पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं.

गिरीशने ते घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं. पुलाच्या नकाशावर पूर्वी लावायचा तशी नजर त्याने त्यावर लावली, आणि मग अदबीने ते तिच्याकडे परत केलं.

"तुमचं पडलं वाटतं," तो म्हणाला.

नीलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. जन्मभर त्याने तिला अगं-तुगं केलं होतं.

"तुमचंच आहे. ओढा ना," ती म्हणाली. "कोरडा तंबाखू. तुम्हाला आवडतो तो."

"छे, छे. मी नाही ओढत." तो जरासा पुढे झुकला आणि आवाज खाली आणून, विश्वासाने म्हणाला, "आमच्याकडे चालत नाही. मिसेसना आवडत नाही."

शेजारच्या अंगणात कुणीतरी ब्लोअरने पानं उडवत होतं. यंत्र नीलाने आपल्या स्वेटरच्या खिशात टाकलं.

"रागावतात का फार?" तिने विचारलं.

गिरीशने विचार केला. "रागावते," तो म्हणाला. "पण मग रात्री माझा खोकला ऐकत जागी राहते. तिला वाटतं मला कळत नाही."

नीला शेजारच्या खुर्चीत बसली. ऊन कुंपणापर्यंत सरकलं होतं.

"थंडी वाढतेय," ती शेवटी म्हणाली. "आत जायचं का?"

"तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो. ती दुकानात गेलीय, येईलच इतक्यात."

"बरं," नीला म्हणाली. पण ती गेली नाही. त्याच्या स्वेटरचं वरचं बटण उघडं होतं. ती उठली, त्याच्यापुढे वाकली आणि ते लावू लागली. परक्या बाईचा हात गळ्याशी आल्यावर गिरीश अंग चोरून ताठ बसला, हनुवटी वर धरून. बटण लागल्यावर त्याने मान लववली.

"थँक यू," तो म्हणाला, आणि पुन्हा फाटकाकडे बघत बसला.