धुळाची मेंढरं

बयाबाईचा उजवा डोळा आठ महिने लाल होता. गल्लीतल्या मेडिकलमधून आणलेली बाटली चार दिवस घातली की डोळा कसा लख्ख व्हायचा, आणि बाटली थांबली की पुन्हा भडकायचा. म्हातारं माणूस, वयानं असं व्हायचंच, असं म्हणून कुपवाडला लेथवर काम करणारा तिचा मुलगा दादासो मोकळा झाला. आईच्या दुखण्याला वयाचं नाव दिलं की मुलांना बरं वाटतं. सुनेला मात्र राहवेना. बुबुळावर पांढरट ठिपका दिसायला लागला तशी स्वप्नालीनं सासूला गाडीवर मागं बसवलं आणि सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बुबुळ तपासलं आणि मग बराच वेळ पापण्याच बघत बसल्या. केसांच्या बुडाशी कोंडा होता, एकेका केसाला बारीक कडं घातल्यासारखा. त्यांनी चिमट्यानं दोन केस उपटले, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवले आणि यंत्राखाली सारले. भिंतीवरच्या पडद्यावर चित्र उमटलं. पापणीचा केस तिथं वाशाएवढा जाड दिसत होता, आणि त्याच्या बुडाला लांबट, पाण्यासारखे पारदर्शक जीव चिकटून बसले होते. तोंडाच्या बाजूला आठ आखूड पाय होते आणि ते सावकाश हलत होते.

स्वप्नाली तोंडावर ओढणी धरून मागं सरकली. बयाबाई पुढं वाकली. तिचे ओठ हलत होते.

"सात," ती म्हणाली. "आन् ही कडंची गाभण हाय."

डॉक्टरीणबाई चमकल्या. "तिच्या पोटात अंडं आहे खरं. तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"आवं, जड चालतीया की ती."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हे किडे कोळ्याच्या जातीतले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. दोन-तीन आठवडे जगतात, मागं पिलं ठेवतात. उजेडाला भितात. अंधार पडला की बाहेर येऊन एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जातात आणि उजाडलं की पुन्हा बुडाशी शिरतात. बहुतेकांच्या अंगावर थोडे असतातच आणि त्यांचा त्रास होत नाही. बयाबाईचे फार वाढले होते. त्यांनी पापणी सुजली होती आणि पापणीची सूज बुबुळावर उतरली होती.

"बाटलीनं नुसती लाली दबते, किडे तसेच राहतात. ती आजपासून बंद. नाहीतर डोळ्यात फूल पडेल, आजी. मग दिसायचं नाही."

"पर आलं कुठनं म्हनायचं हे?"

"जवळच्या माणसाकडूनच येतात. गालाला गाल लागतो, एका उशीवर डोकं असतं."

बयाबाईनं पदर मुठीत धरला. ती घाबरली असं समजून डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. ती घाबरली नव्हती. तिला धुळाचा डावा डोळा आठवत होता. त्यातही फूल होतं.

धुळा तिचा नवरा. माण तालुक्यातलं त्यांचं गाव कोरडं ठणठणीत. दिवाळी झाली की धुळा साठ मेंढरं घेऊन कऱ्हाड-इस्लामपूरकडं उसाच्या रानात खतासाठी बसवायला जायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. आला की हातपाय धुवायच्या आधी तिच्या गालाला गाल घासायचा. त्याच्या पापण्या सदा पिठाळलेल्या. "गिरणीत झोपतासा काय?" असं ती चिडवायची. दोन वर्षांपूर्वी तो गेला. महिन्याच्या आत दादासोनं मेंढरं विकली, घराला कुलूप लावलं आणि आईला कुपवाडच्या दोन खोल्यांत आणलं. तिला कुणी विचारलं नाही. मेंढरं गाडीत चढताना मागं वळून तिच्याकडं बघत होती, आणि त्याबद्दल तिनं मुलाला मनातून अजून माफ केलेलं नव्हतं. धुळाचं म्हणून एक घोंगडं तेवढं तिच्याजवळ उरलं होतं. घोंगडं विटाळत नाही म्हणून ते कधी धुतलं नव्हतं. रोज ते तोंडावर ओढून ती झोपायची.

आणि आता ही बाई सांगत होती, की धुळाचं जितंजागतं काहीतरी अजून आहे. पिढ्यांमागून पिढ्या तिच्या पापण्यांवर चरतं आहे.

घरी आल्यावर स्वप्नालीनं चिठ्ठी वाचून दाखवली. सकाळ-संध्याकाळ कोमट शेक, मग औषधी फेसानं पापण्या धुवायच्या, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यातून काढायचं आणि गोळ्या घ्यायच्या, आयव्हरमेक्टिनच्या. ते नाव ऐकताच बयाबाईनं मान वर केली. मेंढरांना खरूज झाली की धुळा हेच औषध टोचायचा. ते काय करतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. आठ दिवसांत खरजेचा किडा नावाला उरत नसे.

"घोंगडं धुवायचं न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात धूत न्हाईत." एवढ्यावरच स्वप्नाली थांबली, बिचारी.

मग बयाबाईनं ती चूक केली. धनगराच्या बाईशिवाय असली चूक दुसरं कुणी करणार नाही. तिनं गोळ्या कमरेच्या पिशवीत दडवल्या. फेसाच्या बाटलीतला फेस रोज थोडा मोरीत सांडायचा आणि डोळे नुसत्या पाण्यानं पुसायचे. आणि सुनेला शंका येऊ नये म्हणून मेडिकलची जुनी बाटली चोरून चालू ठेवली. डोळ्याची लाली गेली. "बघा आत्ती, बरं वाटतंय का न्हाई?" म्हणून स्वप्नाली खूश झाली. शहाणी बाई फसवायची ठरवते तेव्हा भलतीच हुशारीनं फसवते.

दिवेलागणीला ती आतल्या खोलीत दिवा न लावता बसू लागली. थोड्या वेळानं पापण्यांच्या कडेनं हलकी वळवळ सुरू व्हायची. ती गळ्यातल्या गळ्यात, मेंढरं हाकताना काढायचा तो हुर्र आवाज काढायची. वळवळ थांबायची. पुन्हा आवाज काढला की पुढं सरकायची. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत ती मोजत जायची, आणि साठाच्या पुढं गेली की तिला रडू यायचं. ते सुखाचं रडू होतं.

कुणी दिवा लावला तर ती खेकसायची. डोळा मनगटाच्या मागच्या बाजूनं चोळायची, खालून वर, अगदी धुळा चोळायचा तसा. एकदा दारातून ते बघून दादासो जागीच थांबला. बापाला बघितल्यासारखं वाटलं त्याला. तो चपला घालून बाहेर गेला.

ठिपका वाढत होता. आता उजव्या डोळ्यानं दाराची चौकट वाकडी दिसायची, मग धुक्यात गेल्यासारखी. बयाबाईला ते कळत होतं. एक डोळा गेला तर गेला, धुळाचा नव्हता का गेला, असं ती स्वतःला सांगायची.

दादासोची प्रांजल पाच वर्षांची. आजीच्या घोंगड्याखाली, आजीच्या गालाला गाल लावून झोपल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. एका सकाळी ती दारातल्या उन्हात उभी राहिली आणि डावा डोळा उघडेना. मनगटाच्या मागच्या बाजूनं ती तो चोळत होती, खालून वर.

"आज्जी," ती म्हणाली, "माज्या डोळ्यात मेंढरं चालत्यात."

 पापण्यांवर धुळाची मेंढरं चरतात हे बयाबाईनं या घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरगी तीन वर्षांची असतानाच धुळाचा कळप विकला होता, तिला तो आठवतही नव्हता. तिनं प्रांजलचं तोंड उन्हाकडं वळवलं, आपला चांगला डोळा जवळ नेला. इवल्या पापण्यांच्या बुडाशी पीठ होतं.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. हुर्र केलं की थांबत्यात."

त्या क्षणी बयाबाईला धुळाची खरी भीती वाटली, लग्नाला पन्नास वर्षं झाल्यावर पहिल्यांदा. तो वाईट नव्हता. पण कळप वाढला की नवं रान बघायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यानं रान बघितलं होतं.

ती उठली. चुलीवर, म्हणजे गॅसवर, सगळ्यात मोठं पातेलं ठेवलं आणि पाण्याला आधण आणलं. कमरेच्या पिशवीतून गोळ्या काढून स्वप्नालीच्या पुढ्यात ठेवल्या. "मी घेतल्या न्हाईत. फेस बी लावला न्हाई. पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन चल. मला काय बोलायचं ते मागनं बोल."

 स्वप्नालीनं पोरीला उचललं. निघायच्या आधी बयाबाईनं घोंगडं स्वतः, लाटण्यानं, उकळत्या पाण्यात दाबलं. वाफेबरोबर लोकरीचा, घामाचा, बिडीचा वास घरभर पसरला. तो धुळाचा वास होता आणि तो शेवटचाच होता. ती ढसाढसा रडली, पण लाटणं सोडलं नाही.

प्रांजलचं लवकर सापडलं. पापण्या धुऊन आणि मलम लावून महिन्याभरात तिचा डोळा स्वच्छ झाला. बयाबाईनं गोळ्या घेतल्या, तिची लाली गेली, दुखणं गेलं. उजव्या बुबुळावरचं फूल मात्र राहिलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा केस उपटून पडद्यावर दाखवला. केस नुसताच होता, लांब, सुना.

"गेली समदी?" बयाबाईनं विचारलं.

"सगळे कधीच जात नाहीत, आजी. पाच-दहा कुठंतरी राहतातच. वाढू द्यायचे नाहीत एवढंच. रोज धुवायचं, जन्मभर."

बयाबाई रिकाम्या पडद्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तेवढी राखीन मी."

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हातारीनं थट्टा केली असं त्यांना वाटलं.

आता दिवेलागणीला बयाबाई लख्ख दिव्याखाली बसून पापण्या धुते, फेस भरपूर घेते, एकही केस सोडत नाही. प्रांजलचं अंथरूण पलीकडच्या खोलीत घातलेलं असतं. पोरगी गाल पुढं करते तेव्हा बयाबाई तिच्या गालाला नुसती बोटं लावते आणि तीच बोटं आपल्या तोंडाशी नेऊन मुका घेते. मग चांगला डोळा मिटून ती फुलाच्या डोळ्यानं बघत बसते. त्या डोळ्याला आता काही दिसत नाही. नुसतं पांढरं, हलणारं, दूरवर बसलेल्या कळपासारखं. ती मोजत नाही.