दिवसाला आठ तांबे

पेणच्या खाडीवर माझी उघाडी आहे. माझी म्हणजे सरकारची, पण बांधातल्या या पाण्याच्या दाराची फळी पाडण्यात आणि उचलण्यात माझी तीस वर्षं गेली. भरतीला पाडायची, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला उचलायची, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. बांधावरच्या घरात मी आणि बायको मैना, दोघंच. मूलबाळ नाही. माणसांशी बोलायची माझी सवय मोडली होती, आणि त्यात मैनाही आली, हे सांगायला आता लाज वाटते.

शहाण्णव साली तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, मीठ कमी करा. मीठ कमी कसं करतात ते मला कोण शिकवणार? बांध फुटून शेतात खारं शिरलं, की आम्ही गोडं पाणी कोंडतो, सोडतो, पुन्हा कोंडतो. जमीन धुऊन निघते. मैनाला मी तसंच धुवायला घेतलं. पेजेतलं मीठ बंद, सुकी मासळी बंद, आणि दिवसाला आठ तांबे पाणी. तांब्या मी स्वतः भरून द्यायचो.

"पी गो मैना, सगला मीठ भायर पडंल."

ती मुकाट्यानं प्यायची. पाचव्या दिवशी डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. मला वाटलं, मीठ निघतंय. मी दोन तांबे वाढवले. अकलेचे असे तारे तोडणारा आमच्या सबंध खारेपाट भागात मीच.

चार दिवस रोह्याजवळ वरश्याला तिच्या बहिणीकडे राहिली की बरं वाटेल, म्हणून आम्ही रोह्याची गाडी धरली. निडी स्टेशन गेलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन?" मी हसलो. मग तिचे हातपाय झटके देऊ लागले.

रोह्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती. मी तांब्यांचा हिशेब सांगितला, तेव्हा तिनं डोक्याला हात लावला.

"काका, रक्तातलं मीठ पार उतरलंय. मेंदूत पाणी शिरून तो सुजलाय."

"मेंदूत पानी शिरंल कसा?"

तिनं केसपेपरच्या मागं मेंदूतली चांदणीसारखी एक पेशी काढली. तिचे पाय रक्तवाहिनीला धरून होते. त्या पायांवर तिनं बारीक बारीक दारं काढली. "यातून फक्त पाणी जातं. दोनच वर्षांपूर्वी सापडलीत ही. एरवी कामाचीच, मेंदूतलं पाणी सांभाळणारी. पण रक्त असं पातळ झालं, की इथूनच पाणी आत घुसत असावं."

"म्हंजी उघाडी हाय ती. मंग पाडा ना फली!"

"ती पाडायचं औषध अजून कुणाकडे नाही, काका."

तीस वर्षं मी हेच काम केलं, आणि माझ्याच बाईच्या डोक्यातली उघाडी माझ्या हातात नव्हती. सलाईनमधून मीठ हळूहळू चढवायचं होतं. घाई केली तर मेंदूला कायमची इजा. तोंडानं पाणी जवळजवळ बंद, ओठ ओले करण्यापुरतं चमचाभर.

दोन दिवस मी बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून होतो. तिची बहीण आत जायची, बाहेर यायची, माझ्याशी बोलायची नाही. तिचं बरोबरच होतं. मला एकच भीती होती, मैना पुन्हा "तुमी कोन" म्हणाली तर? मला ओळखणारं दुसरं होतंच कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी मला आत बोलावलं. तिनं डोळे उघडले होते. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"उघाडीवर कोन हाय?" तिनं विचारलं.

मला हुंदका आवरेना. "मैना, डोका दुखत व्हता, उलट्या व्हत व्हत्या, तरी प्यालीस कशाला गो? नाय म्हनायचा ना!"

"येवढ्या वर्सांत पयल्यांदाच तुमी तांब्या भरून हातात दिलात. जवल बसलात. नाय कशी म्हनू?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. तिनं माझी बाही ओढली.

"तहान लागलीय वो. द्या ना पानी, तुमच्या हातानं."

उशाशी पेला भरलेला होता. मी त्यातून एक चमचा पाणी तिच्या ओठांना लावलं आणि पेला तिच्या हाताला लागणार नाही असा लांब सरकवला.