माझ्यातला खोकला

मी एक तबकडी बोलतेय. ध्वनिमुद्रिका वगैरे म्हणू नका. ते नाव चकचकीत वेष्टनातल्या माझ्या बड्या घरच्या बहिणींना शोभतं. मी स्वस्तातली. माझं वेष्टन पातळ, फिकट पिवळं, त्यावर पियानो वाजवणारीचा साधा फोटोसुद्धा नाही. दुकानदार मला आत मांडत नसत, दाराबाहेरच्या टोपलीत ठेवत.

माझी कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि एक हट्टी मालक. "शास्त्रीय संगीत काय फक्त बंगलेवाल्यांनीच ऐकायचं?" असं म्हणायचा आणि खर्चाला हात आखडता घ्यायचा. माझ्यासाठी त्यानं सभागृह घेतलं तेही एकाच दुपारपुरतं.

पियानोच्या तारा मध्येच उतरल्या तर जुळवायला एक गृहस्थ कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. सर्दीनं बेजार. दुसऱ्या बाजूच्या संथ भागात, नेमक्या हळुवार जागी, त्यांना ढास लागली. तोंडाशी रुमाल धरला, तरी एक खोकला निसटलाच.

"परत वाजवू का?" पियानोवाल्या बाईंनी विचारलं.

मालकानं घड्याळ बघितलं. "राहू द्या. या किमतीत एवढा खोकला लोक पोटात घालतील."

झालं! खोकला माझ्या अंगावर कायमचा कोरला गेला.

त्या गृहस्थांनी घरी जाऊन लेकीला सांगितलं, "आज मी नाक कापून घेतलं बघ. माझा खोकला तबकडीत गेला." दोन वर्षांनी ते वारले. घरात त्यांचे फोटो होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. मग लेक टोपल्या धुंडाळत फिरली आणि मला घरी घेऊन आली.

ती एका कचेरीत टायपिस्ट होती. दर रविवारी सकाळी इस्त्री करताना ती माझी दुसरी बाजू लावायची. खोकला आला की इस्त्री उभी करून पुटपुटायची, "पाणी घ्या, बाबा." मग पुढची घडी. अशी तीस-पस्तीस वर्षं गेली. मध्येच माझी कंपनी बुडाली आणि तिचं सगळं संगीत एका बड्या कंपनीनं विकत घेतलं. माझ्यासारख्या तबकड्या निघणं बंद झालं.

तिचा मुलगा गुणी हो, पण कान कायम दुसरीकडे. आईच्या साठीला त्यानं हेच वादन नव्या सीडीवर आणलं. "ऐक आई, आता एकही खरखर नाही!" मला त्यानं आधीच पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं. तिथून मी सगळं ऐकत होते.

ती हळुवार जागा आली. "पाणी..." एवढं म्हणून ती थांबली. खोकला आलाच नाही. सीडीसाठी आवाजाची साफसफाई करणाऱ्यांनी तो धुऊन टाकला होता.

"छान आहे रे," ती म्हणाली. पोराचं मन कसं मोडणार? आणि पोरगा खुशीत मला जुन्या तबकड्यांच्या दुकानात देऊन आला. मला फार वाईट वाटलं. स्वतःसाठी नाही, मला टोपलीची सवय आहे. पण त्या माणसाचा आवाज माझ्याकडे होता आणि मला पाय नव्हते.

तीन आठवड्यांनी तिनं अखेर सांगून टाकलं, तेव्हा मुलगाच तिला दुकानात घेऊन आला, खाली मान घालून.

"आई, आधीच सांगायचंस ना गं!"

"काय सांगू? आजोबांचा खोकला हवाय म्हणून? हसला असतास."

दुकानदारानं मला शोधून काढलं. "ही घेऊ नका, ताई. दुसऱ्या बाजूला कुणीतरी खोकलंय. त्यापायीच पडून आहे."

"तीच बाजू लावा," ती म्हणाली.

सुई टेकली. मी म्हातारी, अंगभर चरे. वाटलं, नेमकी तिथेच अडखळले तर? पण नाही. खोकला आला, जसाच्या तसा.

"पाणी घ्या, बाबा."

मला खुशाल पुसा, धुवा, उन्हापासून जपा. तेवढा खोकला मात्र राहू द्या, एवढंच मागणं आहे.

दुकानदाराला वाटलं, बाईंना पाणी हवंय. तो लगबगीनं पेला घेऊन आला. तिनं तो घेतला, माझ्याशेजारी ठेवला आणि बाजू संपेपर्यंत त्याला हात लावला नाही.