दोन सेंटिमीटर

गास गावातल्या क्लेमेंटीनबाईंच्या वाडीची हद्द मोजायला दीपेश आला, तेव्हा शेजारच्या घराला वर्षभर कुलूप होतं. बाईंना हद्दीवरून भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

दीपेशने विहिरीजवळ यंत्र उभं केलं. “फोन पाच-दहा मीटर चुकतो, आंटी. हे तासाभरात उपग्रहांवरून दोन सेंटिमीटरपर्यंत आणतं. जास्त वेळ ठेवलं तर आणखी नेमकं.”

त्याला यंत्रापाशीच थांबायचं होतं. बाईंनी त्याला केळी दिली आणि मुलगा लेस्टर कॅनडाला गेल्यापासूनचं सगळं सांगितलं. तासाने तो आवराआवर करू लागला.

“फरक किती राहिला?”

“जेमतेम दोन सेंटिमीटर.”

“दोन?” बाई करवादल्या. “जमिनीचा मामला आहे. संध्याकाळपर्यंत राहू दे ते. मी दोघांचा भात टाकते.”