चालणार नाही

ट्रॉलीचं चाक क्रेटवरून गेलं तेव्हा क्रेट रिकामं होतं. थोड्याच वेळापूर्वी त्यात मुंगी झोपली होती.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. रांगताना ती सरळ रेषेत जायची, कोणी पाय आडवा घातला तर त्याला वळसा घालायची आणि पुन्हा त्याच रेषेला लागायची, म्हणून टोमॅटो तोडणाऱ्या बायकांनी तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली. मग तिची आई सगळ्यांसाठी मुंगीची आई झाली. त्या दिवशी मुंगी जागी झाली, क्रेटच्या कडेवरून उलटी उतरली आणि सरीत पडलेल्या एका टोमॅटोमागे निघाली. ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला क्रेट दिसलं नाही. मुंगीची आई धावत पोचली तेव्हा तिला आधी चाकाखाली दबलेलं पांघरूण दिसलं. मुंगी मग दिसली, दोन ओळी पलीकडे, टोमॅटो चोखत.

मुकादम आला. त्याने फुटलेलं क्रेट पायाने उलटं केलं.

"क्रेटात फक्त माल ठेवायचा. किती वेळा सांगायचं?"

मुंगीच्या आईने दबलेलं पांघरूण ओढून काढलं. मग तो सगळ्यांकडे वळला. "सोमवारपासून पोरं शेतात चालणार नाहीत. एकही नाही. ज्यांचं पोर दिसेल त्यांनी खोली रिकामी करून पुढचा रस्ता धरायचा."

हाच मुकादम नव्या बायकांना शिकवायचा की टोमॅटो बोटांनी ओढायचा नाही, तळहातात घ्यायचा. क्रेटमध्ये टाकायचा नाही, ठेवायचा. भरलेलं क्रेट लगेच जाळीखाली न्यायचं, कारण उन्हात मालाला ताप भरतो. ताप भरतो, हा त्याचा शब्द. जाळीची सावली दाट आणि गार होती. हंगामाच्या सुरुवातीला मुंगीच्या आईने विचारलं होतं की एका कोपऱ्यात पोरांना झोपवलं तर चालेल का. तेव्हा तो म्हणाला होता, "ती मालाची जागा आहे." म्हणून पोरं ट्रॉलीच्या सावलीत झोपत होती.

पॅकिंगच्या शेडच्या टोकाला पाळणाघर होतं. दोन खोल्या, गुळगुळीत पांढरी फरशी, भिंतीवर रंगवलेली बदकं, दाराशी चिमुकल्या चपलांसाठी फळी. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना आधी इथे आणायचे आणि बदकांसमोर फोटो काढायचे. मुलं बहुतेक शेडमधल्या आणि ऑफिसातल्या लोकांची होती. मुंगीची आई संध्याकाळी मुंगीला काखेला मारून तिथे गेली.

"बाई, मुलीला ठेवायचं होतं."

पाळणाघराच्या बाई खेळणी पेटीत भरत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "चालतं का?"

"चालतं की. सकाळी लवकर, संध्याकाळी उशिरा, तुम्ही म्हणाल तसं चालतं."

"तसं नाही हो. मूल चालतं का?"

मुंगीच्या आईचा चेहरा उतरला. "रांगते. खूप जोरात रांगते."

"मग नाही चालणार. आम्ही चालती मुलंच घेतो. मूल आपल्या पायांनी आत आलं पाहिजे, या दारापासून त्या चटईपर्यंत. कडेवरची मुलं सांभाळायला जास्त माणसं लागतात. इथे मी आणि ही मदतनीस, दोघीच."

"म्हणजे शेतात कुठलंच मूल चालणार नाही, आणि इथे फक्त चालणारं चालणार. मग हिने काय करायचं, उडायचं?"

"नियम मी केलेला नाही."

"कोणी केला?"

बाईंनी हाताने वर दाखवलं. वर पंखा फिरत होता.

रात्री पत्र्याच्या खोलीत मुंगीचा बाप ताटावर बसला तरी मुंगीची आई धुमसतच होती. तो ट्रकमध्ये क्रेट चढवायचा आणि खोलीत आला की कमी बोलायचा.

"पुढच्या शेतावर काय आहे?" तिने विचारलं. हा हंगाम संपला की त्यांना तिकडे जायचं होतं.

"तिथेही पाळणाघर आहे म्हणे. शी-शू सांगणारी पोरंच घेतात."

"इथे चालायचं, तिथे सांगायचं. त्याच्या पुढच्या शेतावर बाराखडी विचारतील."

तो हसला. ती हसली नाही. "चालवते मी हिला," ती म्हणाली. "सोमवारच्या आत चालवते."

टोमॅटोच्या ओळीत वेलांना आधाराला काठ्या रोवलेल्या होत्या. दोन काठ्यांमधलं अंतर मुंगीच्या पसरलेल्या हातांपेक्षा थोडं जास्त होतं. एक काठी सोडल्याशिवाय दुसरी हाती येत नव्हती. काठ्या रोवणाऱ्याने हे मुंगीसाठी केलं नव्हतं, पण मुद्दाम करायला गेलं असतं तरी याहून बरं जमलं नसतं. आईने तिला पहिल्या काठीशी उभं केलं आणि स्वतः पुढच्या काठीशी तोडायला लागली. मुंगी रडली, बसली, पुन्हा उठली. पलीकडच्या ओळीत आईची थोरली जाऊ होती. तिच्याही पाठीला पोर होतं, मुंगीच्याच वयाचा मुलगा. तो ठेवला तिथेच बसून राहायचा आणि उचलताना जड लागायचा, म्हणून त्याला सगळे गोणी म्हणत.

"तुझी मुंगी तरी हलते," जाऊ म्हणाली. "आमच्या गोणीला चालवायचं तर हमालच लावावा लागेल."

"ताई, तुम्ही पण उभा करा त्याला."

"करते ना. मी करते, तो बसतो. बापावर गेलाय."

मुंगीची चाल सगळ्यांनी ओळीतून पाहिली. ती गुडघा पोटापर्यंत उचलायची, कारण प्रत्येक पावलाला ढेकूळ होतं, आणि पाय टेकला की बोटं मातीत रोवायची. एखाद्या जाड माणसाने चिखलातून ऐटीत जावं तशी ती दिसायची. शनिवारी दुपारी तिने एक काठी सोडली आणि पुढची न धरताच तिसऱ्या काठीशी जाऊन उभी राहिली. बायकांनी तोडणी थांबवून पाहिलं. मुकादम दुरून ओरडला, "तिथे काय तमाशा आहे का?"

"आहे," जाऊ म्हणाली. "या बघायला."

सोमवारी सकाळी मुंगीच्या आईने तिचे पाय घासून धुतले, नखांतली माती काडीने काढली. पाळणाघराच्या दाराशी जाऊ गोणीला घेऊन आली होती. रांगती पोरं घेऊन आणखी दोघी आल्या होत्या. मुंगी घेतली गेली तर पुढचं बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. रात्री शेताला पाणी दिलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या पायांना चिखल होता.

आईने मुंगीला दाराच्या आत ठेवलं आणि हात सोडला.

मुंगीने गुडघा पोटापर्यंत उचलला. पाय फरशीवर टेकला, बोटं मातीच्या शोधात आखडली आणि पाय सटकला. ती बसली. आईने पुन्हा उभी केली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिने उभं राहायलाच नकार दिला, हात टेकले आणि झपाट्याने, सरळ रेषेत, रांगत चटईवर पोचली. तिथे वळून तिने आईकडे पाहिलं, शाबासकीसाठी.

"आली खरी," बाई म्हणाल्या, "पण चालत नाही आली."

"शेतात चालते. सगळ्यांना विचारा."

"मी इथे बघितलं तेच धरणार ना. मला वाईट वाटतं, पण..."

"वाईट वाटून घेऊ नका. घ्यायची असेल तर पोर घ्या."

बाईंनी मुंगीला उचलून आईच्या हातात दिलं. त्यांनी ते हळुवारपणे केलं, आणि मुंगीच्या आईला त्याचाच जास्त राग आला. टोमॅटोसुद्धा असेच हळुवार हाताळायचे असतात. ती दाराबाहेर आली आणि मुंगीला भिंतीशी खाली ठेवलं, कारण आता खोलीवर जायचं की मुकादमाकडे, हे तिला सुचत नव्हतं.

दाराच्या ओट्यावरही फरशीच होती, पण चौघींच्या पायांची माती तिथे गोळा झाली होती. मुंगीने चौकट धरली. उभी राहिली. चौकट सोडून ती मातीवरून निघाली, गुडघे उचलत, ऐटीत. जिथे माती संपली तिथे थांबली, पुढच्या पांढऱ्या फरशीकडे पाहिलं आणि खाली बसली.

मुंगीची आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, क्रेट आणा."

"कशाला?"

"माती भरायला. ओळीतली आणा, रस्त्यावरची नको."

जाऊने गोणीला तिथेच ठेवलं. तो हलणार नव्हता. बाकीच्या दोघीही आपली पोरं त्याच्याशेजारी बसवून गेल्या. त्या दोन क्रेट भरून घेऊन आल्या तेव्हा त्यांच्यामागे तोडणीवरच्या साऱ्या बायका होत्या, आणि बायकांमागे मुकादम.

"क्रेटात माती? कोणी सांगितलं क्रेटात माती भरायला?"

"पोर ठेवलं तेव्हाही बोललात," मुंगीची आई म्हणाली, "आता माती ठेवली तरी बोला."

तिने पहिलं क्रेट दाराच्या आत ओतलं. बाई ओरडल्या. दुसरं क्रेट तिने चटईच्या अलीकडे ओतलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती पसरायला लागली, दारापासून चटईपर्यंत, सरीएवढी रुंद. तोडणीवरची एकजण मदतीला बसली आणि ढेकळं फोडू लागली.

"फोडू नको," मुंगीची आई म्हणाली. "तिला ढेकळं लागतात."

"अहो, फरशी बघा," बाई म्हणाल्या. "आज पाहुणे येणार आहेत."

"येऊ देत. आमच्या पोरीचाही फोटो काढू देत."

तिने मुंगीला दारात मातीवर उभं केलं आणि मागे सरकली. मुंगीने बोटं रोवली. मग ती निघाली. मधे एकदा डुलली, हात काठी शोधायला बाजूला गेला, काठी नव्हती. ती थांबली, पुन्हा गुडघा उचलला आणि माती संपेपर्यंत चालत गेली. चटईच्या कडेला बाई उभ्या होत्या. मुंगीने त्यांचा गुडघा धरला. त्यांच्या स्वच्छ कपड्यांवर तिच्या हाताचा मातकट ठसा उमटला. मदतनीस तोंडावर हात ठेवून हसली.

"हे धरता येणार नाही," बाई म्हणाल्या. "फरशीवर..."

"दारापासून चटईपर्यंत म्हणाला होतात. फरशीचं बोलला नव्हतात."

मुकादम दारातून आत-बाहेर बघत होता. बाहेर ओळींच्या तोंडाशी पहाटेपासून भरलेली क्रेट पडली होती, आणि जाळीखाली नेणाऱ्या बायका सगळ्या इथे होत्या. ऊन तिथवर पोचलं होतं.

"घ्या हो ती पोरगी," तो म्हणाला. "माल उन्हात आहे. ताप भरला तर मला विचारतील, तुम्हाला नाही."

बाईंनी मातीकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं. "ठीक आहे. ही चालेल."

म्हणजे शेवटी टोमॅटोंची काळजी म्हणून मुंगीला जागा मिळाली. मुंगीच्या आईला ते कळलं, आणि मुलगी चटईवर बदकाकडे निघालेली असतानाही तिला बरं वाटेना. दाराबाहेर गोणी ठेवला तिथेच बसला होता. त्याच्या शेजारी बाकीची दोघं. एकाने मातीचा गोळा तोंडात घातला होता.

"झालं ना मनासारखं?" मुकादम म्हणाला. "चला आता, शेतात चला."

"आणि हे?" तिने पोरांकडे बोट केलं.

"ती चालत नाहीत."

मुंगीची आई दारात, ओल्या मातीवर मांडी घालून बसली. जाऊने गोणीला मांडीवर घेतलं आणि तिच्या शेजारी बसली. मग बाकीच्या बसल्या, कोणी ओट्यावर, कोणी खाली जमिनीवर.

"चालत नाहीत ना," मुंगीची आई म्हणाली. "मग आम्हीही चालत नाही."

मुकादमाने शेताकडे पाहिलं. पहिल्या क्रेटवर ऊन पूर्ण आलं होतं.