उजवीकडचं पुढचं चाक

माझी बहीण गाडी पळवते आणि माझी बायको ती थांबते की नाही हे बघते. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि सुट्टीच्या दिवशी या दोघींसाठी टॉर्च धरतो.

बहीण शाळेत गणित शिकवते. महिन्यातून एकदा ती रेस ट्रॅकवर जाते. तिची गाडी मुळात साधी घरगुती. मागची सीट काढली, टायर बदलले, आणि झाली ट्रॅकची. बायको अकरा वर्षं बस डेपोत ब्रेकच्या विभागात आहे. नणंद-भावजयीचं जसं असतं म्हणतात तसं आमच्याकडे नव्हतं, पण अगदी दूधसाखरही नव्हती. पहिल्यांदा वाजलं ते या गाडीवरूनच.

बायकोने गाडीखाली डोकं घातलं, तर डाव्या पुढच्या चाकामागे दोन वायरी एकमेकींना पिळून चिकटपट्टीने गुंडाळलेल्या.

"वन्सं, हे कोणी केलं?"

"आधीच्या मेकॅनिकने. ट्रॅकवर सगळेच करतात, वहिनी. ब्रेक तापले की सेन्सर वितळतो आणि समोर दिवा लागून राहतो. रोजचं लांडगा आला रे आला. वायरी जोडल्या की दिवा गप्प."

"म्हणजे ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं."

"खोटं ओरडणाऱ्याचं."

मला तोवर यातलं काही ठाऊक नव्हतं. बायकोने समजावलं, की चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ते ब्रेक पॅड. पॅड झिजत आला, की त्यात बसवलेली बारीक वायर घासून तुटते आणि चालवणाऱ्यासमोर दिवा लागतो. एवढंच ते यंत्र. तिने सेन्सरसाठी खाच असलेले पॅड मागवले, नवा सेन्सर बसवला आणि अट घातली.

"दिवा लागला की त्याच फेरीला आत यायचं. वाद आत आल्यावर."

बहिणीने मान डोलावली. गणिताच्या बाई मान डोलावतात तेव्हा त्यांना पटलेलं असतंच असं नाही.

त्यानंतर आली वर्षातली मोठी स्पर्धा. तीन सत्रं, त्यात ज्याची एक फेरी सर्वांत जलद तो पहिला. पहिल्या सत्रात बहीण सहावी. दुसऱ्यात मात्र ती अशी सुटली, की शेजारच्या लाल गाडीचे मालक, पेशाने दातांचे डॉक्टर, घड्याळ बघून म्हणाले, "आज तुमच्या बहिणीच्या अंगात आलंय." आणि पाचव्या फेरीला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गाडी आत वळली.

काच खाली झाली. "दिवा लागलाय. अट होती, म्हणून आले."

बायकोने चाक उतरवून पॅड मोजला. सात मिलिमीटर, म्हणजे अजून दोन दिवस पुरेल इतका. सेन्सरचं प्लास्टिक मात्र उष्णतेने वितळून वायर तुटली होती. दिवा खोटा होता.

डॉक्टर हसले. "वायरी पिळलेल्याच बऱ्या होत्या."

बहीण ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "सत्र गेलं, वहिनी."

"गेलं. वायरीवर उष्णता अडवणारं वेष्टण घालायला हवं होतं. चूक माझी." एवढं बोलून बायको उठली आणि जॅक घेऊन उजव्या बाजूला गेली.

"तिकडे कशाला? त्या चाकाला सेन्सरच नाहीये."

"म्हणूनच. हे चाक सांगणार कसं?"

उजवं चाक निघालं. बाहेरचा पॅड चांगला जाडजूड. मी टॉर्च बंद करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, जरा आतून दाखवा."

आतला पॅड पाचरीसारखा झिजला होता. एका टोकाला जेमतेम दीड मिलिमीटर. दोन्ही पॅड पकडून दाबणारा कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती पिन अडकली होती, म्हणून सगळा भार आतल्या पॅडवर. बाहेरून बघणाऱ्याला सात जन्मांत कळलं नसतं.

बहीण उकिडवी बसली आणि बघतच राहिली. "अजून किती गेला असता?"

"गणित तुमचं."

तिने ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "तीन फेऱ्या. फार तर चार. लांब सरळ पट्टा संपतो, तिथे..." हातमोजे काढून तिने गाडीच्या टपावर ठेवले. "मी काय करू?"

शेवटच्या सत्राला पन्नास मिनिटं होती. पिन हलेना. डॉक्टर स्वतःहून गंज सोडवणारा स्प्रे घेऊन आले आणि मुकाट्याने कॅलिपर धरून बसले. बायकोने जोर लावला नाही. पाना केसभर इकडे, केसभर तिकडे, असं करत राहिली. पिन सुटली तेव्हा तिच्या मनगटापर्यंत काळं झालं होतं. पिन घासली, ग्रीस लावलं, पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड घातले. मागची चाकंही उघडून मोजली. आकडे बहिणीने लिहून घेतले.

"दुसरा सेन्सर नाहीये माझ्याकडे," बायको म्हणाली. "दिवा लागलेलाच राहील."

"राहू दे. चारही चाकं तुम्ही बघितलीत."

"पहिल्या दोन फेऱ्या सबुरीने. नवे पॅड डिस्कवर बसू देत. मग हवा तेवढा दाबा."

बहीण दोन फेऱ्या इतकी हळू फिरली, की लोकांना वाटलं गाडी बिघडली. तिसरी फेरी ब्रेक थंड व्हायला दिली. चौथीला सरळ पट्ट्याच्या शेवटी तिने ब्रेक दाबला तो एवढ्या उशिरा, की मी कठड्यापासून मागे सरलो. आणि गाडी रुळावर असल्यासारखी सरळ थांबत वळणात शिरली. बायको घड्याळाकडे बघत नव्हती. ती फक्त चाकांकडे बघत होती.

बहीण दुसरी आली. बक्षीस घेताना माईक मागून तिने सांगितलं, "माझा दिवा आज खोटा लागला. तरी माझ्या वहिनीने न ओरडणारं चाक उघडलं आणि खरा दोष तिथे सापडला. मागे उभ्या आहेत त्या, हात काळे असलेल्या." सगळ्यांनी वळून पाहिलं. बायकोने हात पाठीमागे लपवले, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोघींसाठी म्हणजे दोन मुठी धरा.

सामान आवरताना डॉक्टर आले. डोकं खाजवत माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, माझ्याही वायरी पिळलेल्याच आहेत. उजवं चाक जरा बघाल?"

बायकोच्या आधी बहिणीने जॅक उचलला. "चारही बघू," ती म्हणाली. "वहिनी, तुम्ही मोजा, मी उतरवते."